दोन नाटककार आणि एक तसबीर

लॉरेट टेलरची दोन लग्नं झाली आणि दोन्ही नवरे नाटककार निघाले. पहिल्याने तिला खलनायकांच्या तावडीत, वणव्यात आणि धबधब्यांत लोटलं. दुसऱ्याने तळहाताच्या फोडासारखं जपलं आणि तिच्या मापाची एकामागून एक गोड नाटकं लिहिली. पहिल्याचं आडनाव तिने घटस्फोटानंतरही मरेपर्यंत लावलं. दुसरा गेला तेव्हा ती दहा वर्षं दारूत बुडाली. पण ज्या भूमिकेमुळे तिला जाऊन पाऊणशे वर्षं उलटल्यावरही अमेरिकन नटनट्या तिचं नाव निघालं की कान टवकारतात, ती भूमिका या दोघांपैकी कोणीच लिहिलेली नव्हती. ती लिहिली होती तिशीतल्या एका पडेल नाटककाराने, आणि त्या नाटकात नवरा रंगमंचावर येतच नाही. तो वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला असतो. भिंतीवर त्याची हसरी तसबीर तेवढी टांगलेली असते.

नटीच्या आयुष्याबद्दल लिहायचं म्हणजे लग्नांचा पाढा वाचायचा, ही आपल्याकडचीच नव्हे, जगभरची खोड. लॉरेटच्या बाबतीत मात्र ती खोड माफ करावी लागते, कारण तिचे संसार आणि तिची नाटकं वेगळी काढताच येत नाहीत. घरात जो माणूस समोर बसायचा तोच टेबलाशी बसून तिचे संवाद लिहायचा.

जन्म १ एप्रिल १८८३, न्यूयॉर्क. नाव लॉरेटा हेलन कुनी, घर आयरिश. आईला मुलीच्या नाटकवेडाचं कौतुक, बापाला त्याचा तिटकारा. ‘ला बेल लॉरेट’ असं झोकदार फ्रेंच नाव लावून ती लहान वयातच गाणी आणि नकला करायला उभी राहिली. १९०१ साली, वय अठराच्या आसपास, तिने चार्ल्स टेलरशी लग्न केलं. तो तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठा.

चार्ल्स टेलर हा मेलोड्रामाचा कारखानदार होता. त्या काळी अमेरिकेत दहा, वीस आणि तीस सेंटच्या तिकिटांची थिएटरं होती. गिरणी कामगार, बोटीवरचे खलाशी, नुकतेच उतरलेले परदेशी, ज्यांना इंग्रजी जेमतेम कळायचं, असा तिथला प्रेक्षक. त्याला सुशिक्षित घरांतली कुजबुज ऐकायची नव्हती. त्याला पिस्तुलाचा बार हवा होता, आग हवी होती, शेवटच्या क्षणी सुटणारी नायिका हवी होती. टेलर हे सगळं घाऊक भावात पुरवायचा. ‘फ्रॉम रॅग्ज टू रिचेस’, ‘एस्केप फ्रॉम द हॅरेम’ ही त्याच्या नाटकांची नावं ऐकली की कथानक विचारायची गरज पडत नाही. सुटणारी नायिका अर्थात लॉरेट. १९०३ च्या पहिल्याच दिवशी मुलगा झाला, ड्वाइट. पुढच्या वर्षी मुलगी, मार्गरीट. मुलं झाली म्हणून दौरे थांबले नाहीत.

मग सिअॅटल. तिथल्या कंपनीत दर आठवड्याला नवं नाटक लागायचं. संध्याकाळी चालू नाटकाचा प्रयोग, दिवसा पुढच्या आठवड्याची तालीम, रात्री पाठांतर आणि पाळण्यात पोर. या काळाबद्दल लिहिणारे बहुतेक जण हळहळतात, की एवढी गुणी नटी कुठे कुजत पडली होती. मला तसं वाटत नाही. संवाद भिकार असले तर ते खरे वाटायला लावण्याचं ओझं नटावर येतं, आणि लॉरेटने ते ओझं वर्षानुवर्षं उचललं. पुढे समीक्षक तिच्या ज्या सहजतेवर फिदा झाले, ती या धबधब्यांखाली घोटवलेली होती. नवरा म्हणून टेलर तापट आणि बेभरवशाचा. शिक्षक म्हणून मात्र त्याने, नकळत का होईना, मोठं काम केलं. शेवटी ती दोन्ही मुलांना घेऊन न्यूयॉर्कला परतली आणि १९१० च्या सुमारास घटस्फोट झाला.

न्यूयॉर्कमध्ये ती भराभर वर आली. ओ. हेन्रीच्या कथेवरच्या ‘अलायस जिमी व्हॅलेंटाइन’मध्ये तिने नायिकेचं काम केलं. १९१२ च्या जानेवारीत ‘द बर्ड ऑफ पॅराडाइज’मध्ये ती हवाई बेटांवरची राजकन्या झाली. या राजकन्येचा शेवट जळत्या ज्वालामुखीत उडी घेऊन होतो. पहिला नवरा तो प्रवेश बघून नक्की खूश झाला असता.

दरम्यान तिने ‘द गर्ल इन वेटिंग’ नावाच्या एका हलक्याफुलक्या नाटकात काम केलं होतं. त्याचा लेखक जे. हार्टली मॅनर्स. लंडनमध्ये जन्मलेला, वागायला अदबशीर, कपड्यांना इस्त्रीची घडी, आवाज कधी न चढवणारा. टेलरच्या गोंधळातून आलेल्या बाईला हा माणूस म्हणजे उन्हातून सावलीत आल्यासारखा वाटला असेल तर नवल नाही. त्याने तिला पारखलं आणि नाटक लिहिलं, ‘पेग ओ माय हार्ट’.

गोष्ट अगदी साधी. न्यूयॉर्कमध्ये गरिबीत वाढलेली आयरिश पोर पेग. तिच्या श्रीमंत इंग्रज मामाने मरताना व्यवस्था करून ठेवलेली, की या मुलीला वळण लावणाऱ्याला दरसाल हजार पौंड मिळावेत. चिचेस्टर नावाच्या खानदानी कुटुंबाचे पैसे बुडालेल्या बँकेत अडकलेले, म्हणून नाक मुरडत का होईना ते तिला घरात घेतात. पेग येते ती काखेत मायकेल नावाचं झिपरं कुत्रं मारून. मग तिचे आयरिश हेल, तिची तोंडाळ उत्तरं, घरातल्यांचा उतरलेला तोरा आणि शेवटी एक खानदानी साहेब प्रेमात. नाटक लॉस एंजलिसला चाललं आणि २० डिसेंबर १९१२ रोजी न्यूयॉर्कला नव्याकोऱ्या कॉर्ट थिएटरात लागलं. ते थिएटर या प्रयोगानेच उघडलं. दोनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, लॉरेट आणि हार्टली यांनी लग्न केलं.

कॉर्टमध्ये ‘पेग’चे सहाशेवर प्रयोग झाले. गद्य नाटक एवढं चालणं त्या वेळी दुर्मीळ होतं. एकाच वेळी अनेक फिरत्या कंपन्या गावोगावी ‘पेग’ करू लागल्या. लॉरेट मूळ नाटक घेऊन लंडनला गेली आणि युद्ध पेटलेलं असताना, १९१४ च्या ऑक्टोबरपासून, तिथेही गर्दी खेचली. १९१३ साली याच नावाचं गाणं निघालं आणि घराघरांतल्या पियानोवर जाऊन बसलं. गंमत म्हणजे तेच गाणं लॉरेटच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १९४७ साली, हार्मोनिका वाजवणाऱ्या त्रिकुटाने पुन्हा काढलं तेव्हा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. तोवर ते कोणावरून निघालं हे बऱ्याच जणांना ठाऊकही नव्हतं.

पैसा इतका, की त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. निर्माता ऑलिव्हर मोरोस्कोने नाटकाच्या हक्कांबरोबर चित्रपटाचे हक्कही आपल्याकडेच आल्याचा दावा केला. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९२० साली न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल लिहिला, की रंगभूमीचा करार म्हणजे पडद्याचा करार नव्हे. अमेरिकेतल्या प्रताधिकाराच्या चर्चेत हा निकाल पुढेही दाखल्याला येत राहिला. झिपऱ्या कुत्र्याने केवढी मजल मारली!

लॉरेट नेमकं करायची काय? तिच्या समकालीनांनी लिहून ठेवलंय त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ती बोलताना वाक्य आधीच पाठ असल्यासारखं बोलायची नाही. शब्द तोंडाशी येण्याआधी विचार डोळ्यांत यायचा. समोरच्याचं ऐकताना ती जे करायची ते पाहायला लोक परत परत तिकिटं काढायचे. त्या काळच्या बऱ्याच मोठ्या नट्या वाक्य फेकून प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी थांबत, ही थांबतच नसे. १९१४ साली तिने एका मासिकात लेख लिहून सांगितलं, की नटीला रूपापेक्षा मोहक व्यक्तिमत्त्व महत्त्वाचं, रूप तर पुष्कळदा अडचणीचंच, आणि या दोन्हींहून महत्त्वाची ती कल्पनाशक्ती. सुंदर नटी आपण कशा दिसतो याच्यातच गुंतते, असा तिचा रोख होता. ती स्वतः रूढ अर्थाने सुंदर नव्हती, तेव्हा यात थोडं स्वतःचं वकीलपत्रही आलंच.

आता खरा पेच. इतकी ताकद असलेल्या नटीसाठी हार्टली मॅनर्सने पुढे काय लिहिलं? ‘द हार्प ऑफ लाइफ’, ‘आउट देअर’, ‘हॅपिनेस’, ‘वन नाइट इन रोम’, ‘द नॅशनल अँथम’. यातलं एकही आज कोणी काढत नाही. तेव्हाही समीक्षक दर वेळी तेच म्हणत, की बाई अफाट, नाटक किरकोळ. १९१८ साली तिने हट्टाने शेक्सपिअरचे निवडक प्रवेश केले. समीक्षकांनी धुऊन काढलं, आणि ती पुन्हा नवऱ्याच्या नाटकांच्या उबेत परतली. हार्टलीने तिला अडवून धरलं असं म्हणणं सोपं आहे, पण अन्यायाचं होईल. तिलाही तेच हवं होतं. पहिल्या संसारात तिने इतकी अनिश्चितता भोगली होती, की हार्टलीच्या हस्ताक्षरात लिहिलेली भूमिका तिला घरासारखी वाटायची. हा माणूस तिच्यावर मनापासून प्रेम करत होता आणि त्या प्रेमात तिला कधी अवघड जागी उभंच करत नव्हता. नटीचं नुकसान असंही होतं.

रिव्हरसाइड ड्राइव्हवरच्या त्यांच्या घरी रविवारी मैफल जमायची. खेळ व्हायचे, सगळे नक्कल करण्याचे किंवा कोडी घालण्याचे, आणि कुनी-टेलर-मॅनर्स मंडळी ते जीव तोडून खेळायची, भांडायची, पाहुण्यांना विसरायची. १९२१ साली खिसा रिकामा घेऊन न्यूयॉर्कला आलेला तरुण इंग्रज नाटककार नोएल कॉवर्ड तिथे जायचा. जेवायला मिळे हे एक कारण, आणि डोळे उघडे ठेवायची त्याची सवय हे दुसरं. परत जाऊन त्याने ‘हे फिव्हर’ लिहिलं. माजी नटी आई, लेखक बाप, मुलगा, मुलगी आणि त्यांच्या घरात शनिवार-रविवारी अडकलेले बिचारे पाहुणे. लॉरेट दुखावली. ‘हे फिव्हर’ मात्र अजून चालतं. म्हणजे तिच्या संसारावरचं सर्वांत टिकाऊ नाटक नवऱ्याने लिहिलं नाही, पाहुण्याने लिहिलं.

१९२२ मध्ये किंग व्हिडॉरने ‘पेग’चा मूकपट केला. लॉरेट चाळिशीला टेकलेली, पेग पोरसवदा. कॅमेऱ्यापासून वय लपत नाही म्हणून व्हिडॉर धास्तावला होता. प्रकाशयोजनेच्या खटपटीने जमलं. इतकं जमलं, की लॉरेट स्वतःच्या त्या प्रतिमेच्या प्रेमात पडली. घरी पाहुणे आले की चित्रपट दाखवायचा, ही तिची हौस मित्रमंडळींत कुचेष्टेचा विषय झाली होती. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही. रंगभूमीवरच्या नटीचं काम प्रयोग संपला की संपतं. तिच्या हाती असं टिकणारं फार थोडं लागतं.

‘द नॅशनल अँथम’ हे हार्टलीचं नाटक जॅझ आणि दारूत वाहवत चाललेल्या तरुण पिढीवर कोरडे ओढणारं होतं. ते लागलं १९२२ साली, देशात दारूबंदी आणि घरोघरी बाटल्या अशा दिवसांत. त्यात नायिका झालेल्या लॉरेटला स्वतःला दारूने धरायला सुरुवात झाली ती साधारण याच वर्षांत. १९ डिसेंबर १९२८ रोजी हार्टली कर्करोगाने गेला. सोळा वर्षांचा संसार.

आयरिश घरांत माणूस गेला की रात्रभर जागरण करतात, आणि त्यात पिणं आलंच. आपलं जागरण जगातलं सगळ्यांत लांबलेलं, असं लॉरेट पुढे स्वतःच म्हणायची. १९३२ साली ती नाटककार बॅरीची दोन नाटकं घेऊन परतली, कौतुक झालं, आणि पुन्हा पाय घसरला. निर्माते तिचं नाव टाळू लागले. न येणाऱ्या नटीवर तिकिटं कोण विकणार? मुलगा ड्वाइट तोवर हॉलिवूडमध्ये स्थिरावत होता, फ्रेड अॅस्टेअरच्या ‘टॉप हॅट’च्या पटकथेवर त्याचं नाव आहे. आईची उस्तवार करण्याचा मोठा वाटा मार्गरीटने उचलला. तिने १९५५ साली लिहिलेलं ‘लॉरेट’ हे चरित्र वाचताना जाणवतं, की तिने आईला माफ केलंय आणि तरी काहीही झाकलेलं नाही. लेकींनी लिहिलेल्या चरित्रांत हे क्वचित साधतं.

याच पडत्या काळातला एक ऐवज सुदैवाने शिल्लक आहे. डेव्हिड सेल्झनिकच्या ‘द यंग इन हार्ट’ या १९३८ च्या चित्रपटासाठी तिची कॅमेऱ्यासमोर चाचणी घेतली होती. काही मिनिटांचा तुकडा. एक एकाकी म्हातारी बोलतेय. वाक्य सुरू करते, मध्येच दुसरंच काही सुचतं, जराशी हसते, हरवते, पुन्हा धागा पकडते. इतर कलाकारांच्या चाचण्या शेजारी ठेवल्या तर ते सगळे अभिनय करताना दिसतात आणि ही बाई चुकून कॅमेऱ्यासमोर येऊन बसल्यासारखी वाटते. ती भूमिका तिला मिळाली नाही. रिक मॅकेच्या ब्रॉडवेवरच्या माहितीपटात जुने नट एकामागून एक लॉरेटचं नाव घेतात. चार्ल्स डर्निंग त्यात सांगतो, की तिला रंगमंचावर पाहिलं तेव्हा आपल्याला वाटलं, रस्त्यावरून कोणा बाईला धरून आणून उभं केलंय.

१९३८ च्या २२ डिसेंबरला, म्हणजे लग्नाच्या तारखेलाच, ‘आउटवर्ड बाउंड’ पुन्हा लागलं. मृत माणसांना घेऊन जाणारी बोट आणि तिच्यावरची एक गरीब मोलकरीण. दिग्दर्शक ऑटो प्रेमिंगर. लॉरेटने प्रवेश केला आणि टाळ्या थांबेनात. २५५ प्रयोग झाले. वाटलं, सुटली. पण त्यानंतर सहा वर्षं ब्रॉडवेवर तिच्या वाट्याला दुसरं नाटक आलंच नाही.

मग आला टेनेसी विल्यम्स. तेहतीस वर्षांचा, पहिलं मोठं नाटक बॉस्टनमध्ये सपशेल आपटलेलं. नवं नाटक स्वतःच्याच घरावर बेतलेलं, ‘द ग्लास मेनाजरी’. सेंट लुइसचं अंधारं घर, चपलांच्या गोदामात खपणारा कवी मुलगा टॉम, लंगडणारी, काचेच्या प्राण्यांत रमणारी लॉरा, आणि आई अमांडा. अमांडाचं माहेर दक्षिणेतलं, तरुणपणी एका दुपारी सतरा तरुण भेटायला आल्याची फुशारकी मारणारी. नवरा टेलिफोन कंपनीतला. तो गेला, मागे तसबीर. अमांडासाठी लॉरेटचं नाव समीक्षक जॉर्ज जीन नेथनने सुचवलं.

तालमींत सगळ्यांचा जीव टांगणीला. बाई नुसती पुटपुटते, इतरांकडे टक लावून पाहते, संवाद पाठ नाहीत, पिऊन आलीय की काय अशी शंका. खरं म्हणजे ती ऐकत होती. दक्षिणी उच्चारांसाठी तिने लेखकालाच बोलतं ठेवलं आणि त्याचा हेल उचलला. २६ डिसेंबर १९४४, शिकागो, कडाक्याची थंडी. पडदा उघडायची वेळ जवळ आली आणि बाईंचा पत्ता नाही. शोधाशोध केल्यावर थिएटरच्या तळघरात पाण्याचा आवाज आला. लॉरेट तिथे बाह्या सारून अमांडाचा गाऊन रंगवत बसली होती. शिवून आलेला रंग तिला पटला नव्हता. अमांडाच्या घरात एवढं नवं काही असणार नाही, असा तिचा हिशेब असावा.

गल्ला सुरुवातीला दीनवाणा होता. ‘शिकागो ट्रिब्यून’ची क्लॉडिया कॅसिडी आणि अॅश्टन स्टीव्हन्स या दोन समीक्षकांनी नाटक उचलून धरलं, पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं, पुन्हा पुन्हा लिहिलं. महापालिकेच्या नोकरांना निम्म्या दरात तिकिटं देण्यात आली. हळूहळू थिएटर भरू लागलं. टेनेसीची आई एडविना पाहायला आली. अमांडा तिच्यावरूनच बेतलेली. प्रयोगानंतर लॉरेटने तिला विचारलं, की तुम्हाला तुम्ही स्वतः कशा वाटलात? बिचारी काय उत्तर देणार! मुलाने मात्र नाटकाच्या मानधनातला अर्धा वाटा आईच्या नावे करून दिला.

३१ मार्च १९४५ ला न्यूयॉर्क. दुसऱ्या दिवशी लॉरेटचा बासष्टावा वाढदिवस. तिचं पोट बिघडलं होतं. विंगेत तिच्यासाठी बादली ठेवली होती. प्रवेश संपवून आत यायची, ओकायची, तोंड पुसायची आणि पुढच्या वाक्याला बाहेर. दुसऱ्या भागात अमांडा जुन्या नाचाचा पिवळट पडलेला झगा घालून, हातात फुलं घेऊन येते, वय विसरून मुरडते. हा प्रवेश हास्यास्पद व्हायला वेळ लागत नाही. ज्यांनी पाहिलं ते सांगत, की लॉरेट त्यात एकाच वेळी खुळी, चीड आणणारी आणि सोळा वर्षांची दिसत होती. पंचवीसच्या आसपास वेळा पडदा उघडावा लागला. समीक्षक मंडळाचा पुरस्कार नाटकाला मिळाला आणि प्रयोगांचा आकडा ५६३ वर गेला.

त्या तसबिरीखाली उभं राहून ती बोलायची तेव्हा तिच्या मनात चार्ल्स असायचा की हार्टली, हे तिने कुठे सांगितल्याचं मला आढळलं नाही. बहुधा दोघंही नसतील. अमांडा ही तिच्या आयुष्यातली पहिलीच अशी मोठी भूमिका, जी लिहिणाऱ्याला तिला खूशही करायचं नव्हतं आणि घाबरवायचंही नव्हतं. विल्यम्सला स्वतःच्या आईचा हिशेब चुकता करायचा होता. लॉरेटने त्यात त्या आईची बाजू घालून नाटक तोलून धरलं. विल्यम्सने पुढे स्वतःच तिच्या ऋणाबद्दल लिहिलं.

७ डिसेंबर १९४६ रोजी हृदयविकाराने ती गेली. अमांडाचा चित्रपट निघाला तो तिच्या मागून, दुसरीला घेऊन.

तिच्यावर नाटक लिहिण्याचा मोह त्यानंतरही सुटला नाही. १९६० साली मार्गरीटच्या पुस्तकावरून ‘लॉरेट’ उभं राहिलं. लॉरेट झालेली जुडी हॉलिडे आजारी पडल्याने ते ब्रॉडवेला न पोचताच बंद झालं. ड्वाइटने १९६२ साली बापाची बाजू घेत ‘ब्लड अँड थंडर’ लिहिलं. १९६३ मध्ये मेरी मार्टिनला घेऊन ‘जेनी’ हे संगीत नाटक आलं. त्यात चार्ल्सच्या वळणाचा नवरा होता, हार्टलीच्या वळणाचा इंग्रज नाटककार होता, धबधबाही होता. ते ८२ प्रयोगांत गुंडाळलं. शिकागो आणि अमांडा त्यात नव्हतीच. लेखकांनी कथा तरुणपणातच थांबवली होती.